‘रास्ते का काँटा’ (ब्योमकेश बक्षी): सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन खरंच सुटेल का?

मोडकी_घंटी

दूरदर्शनवर १९९३ साली आलेल्या ‘ब्योमकेश बक्षी’ या गुप्तहेर मालिकेतल्या ‘रास्ते का काँटा’ या भागाबद्दल काही शंका आहेत. रहस्य फोडल्याशिवाय त्या विचारता येत नाहीत, तेव्हा ज्यांनी भाग पाहिला नसेल त्यांनी कृपया इथेच थांबावं.

कलकत्त्याच्या रस्त्यावर चालता चालता माणसं कोसळून मरतात आणि प्रत्येकाच्या छातीत ग्रामोफोनची पिन सापडते. कुणी काही पाहिलेलं नसतं, स्फोटाचा आवाज ऐकलेला नसतो. शेवटी कळतं की हत्यार म्हणजे सायकलची घंटी. खटका दाबला की घंटी वाजते आणि त्याच क्षणी आतल्या स्प्रिंगनं पिन सुटते.

१) एवढ्याशा घंटीत अशी यंत्रणा बसेल का, आणि बसली तरी पिनेला तेवढा जोर येईल का?
२) चालत्या सायकलवरून नेम कसा लागेल?
३) घंटीच्या आवाजात स्प्रिंगचा आवाज खरंच लपेल का?
४) वर्तमानपत्रातली ती ‘रस्त्यातला काटा’ जाहिरात आणि दिव्याचा खांब हा सगळा खटाटोप कशासाठी?

‘कथाच आहे, सोडून द्या’ हे उत्तर नको. कुठपर्यंत जमतं आणि कुठे फसतं, ते हवं आहे.

स्प्रिंग_आणि_पाना

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथे आहे.

आधी पिन. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डवर वापरायची पोलादी पिन साधारण १६ मिलिमीटर लांब आणि जाड बाजूला दीड मिलिमीटरच्या आसपास असते. मोठ्या आवाजाची पिन जाड, हलक्या आवाजाची बारीक. पोलादाच्या घनतेवरून हिशेब केला तर वजन येतं जेमतेम ०.१५ ग्रॅम.

आता घंटी. वाटीचा व्यास ५५ ते ६० मिलिमीटर, खोली अडीच सेंटिमीटर. मधोमध खुंटी असते, वाटी फक्त तिच्यावर स्क्रूनं टेकलेली असते. खटका, दातेरी चाकं आणि ठोका मारणाऱ्या चकत्या निम्मी जागा खातात. उरलेल्या जागेत नळी बसवायची तर खुंटीला चुकवून बाजूनं आडवी टाकावी लागेल. खुंटीपासून १२ मिलिमीटर सरकवून ठेवली तर ५६ मिलिमीटरच्या वाटीत सुमारे ५ सेंटिमीटर लांबी मिळते. त्यात पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगला दीड सेंटिमीटर, तिच्या हालचालीला दोन आणि पिनेला दीड. म्हणजे काठोकाठ का होईना, बसते. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. नळी वाटीला कुठेही टेकता कामा नये. वाटीला बोट लावून घंटी वाजवून पाहा, ‘टिंग’चा ‘टक्’ होतो. तेव्हा नळीचं तोंड वाटीच्या काठाखालून, बुडाच्या पत्र्यातून काढावं लागेल.

बसवणं जमलं, पण जोराचं गणित जमत नाही. अंगठ्यानं आरामात ५ किलोचा दाब देता येतो. तेवढ्या दाबाची स्प्रिंग दोन सेंटिमीटर दाबली तर तिच्यात साठते अर्धा जूल ऊर्जा. ती सगळी पिनेला मिळाली असती तर पिन भयंकर वेगानं सुटली असती. पण स्प्रिंगला आधी स्वतःला आणि पुढच्या दट्ट्याला पळवायचं असतं. दोघांचं मिळून हलणारं वजन फक्त ४ ग्रॅम धरलं तरी ते पिनेच्या पंचवीसपटीहून जास्त आहे. हिशेबानं वेग येतो सेकंदाला १५ मीटर आणि पिनेच्या वाट्याला ऊर्जा येते ०.०१८ जूल. दोन ग्रॅमची वस्तू एक मीटरवरून पडली तर एवढा दणका बसतो. टोक अणकुचीदार असल्यामुळे उघड्या कातडीत रुतेल, रक्ताचा थेंब येईल. जाड कोट असेल तर त्यातच अडकेल.

स्प्रिंग दुप्पट जोराची घेतली तरी वेग दुप्पट होत नाही, १.४ पटच वाढतो. साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीशी तुलना करा. तिथे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरनं सुटतो, म्हणजे साडेपाच जूल. आपल्या पिनेच्या तीनशेपट. ती बंदूकही स्प्रिंगचीच असते, पण तिथली स्प्रिंग छर्ऱ्याला ढकलत नाही, हवा दाबते आणि हवा छर्ऱ्याला ढकलते. हवेला वजन जवळजवळ नाही, म्हणून साधतं. तेवढी हवा मावेल असा पंप घंटीच्या वाटीत मावणं शक्य नाही.

तिरका_नेम

वरच्या हिशेबाला जोडून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

सेकंदाला १५ मीटर वेगानं गेलेली पिन ७ मीटर अंतर कापायला जवळजवळ अर्धा सेकंद घेते. तेवढ्यात ती एक मीटरहून जास्त खाली येते. छातीवर धरलेला नेम गुडघ्याच्याही खाली बसेल. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून मारायची गोष्ट म्हणजे इथेच संपली. खून करायचा तर सायकल तीन मीटरच्या आत आली पाहिजे. तिथेही पिन २० सेंटिमीटर पडते. हँडल जमिनीपासून एक मीटर, माणसाचं हृदय १.३ मीटरवर. म्हणजे नळी सुमारे साडेनऊ अंश वर तोंड करून बसवायला हवी, आणि मग ती फक्त तीन मीटरलाच बरोबर लागेल. सायकलस्वार आणि चालणारा माणूस समोरासमोर येत असतील तर दोघांमधलं अंतर सेकंदाला साडेचार मीटरनं कमी होतं. शेवटचे तीन मीटर संपायला पाऊण सेकंदही लागत नाही. खटका दाबायचा योग्य क्षण त्याहून कितीतरी छोटा.

डावं-उजवं तर त्याहून नाजूक. लक्ष्य दहा सेंटिमीटर रुंद धरलं तर तीन मीटरवरून एक अंशापेक्षा कमी चूक चालते. हँडलची मूठ मधल्या दांड्यापासून २५ सेंटिमीटर लांब असते. तिथे एक अंश म्हणजे साडेचार मिलिमीटर! एका हाताचा अंगठा खटका दाबतो तेव्हा ती मूठ पुढे ढकलली जाणारच. शिवाय ट्रामचे रूळ आणि खाचखळगे असलेला रस्ता.

आणखी एक. बाणाला मागे पिसं का असतात? मागचं टोक मागेच राहावं म्हणून. ग्रामोफोनची पिन पुढे निमुळती, म्हणजे वजन मागच्या जाड भागात. असली वस्तू हवेत सरळ जात नाही, कोलांट्या खाते. दोन-अडीच मीटरनंतर ती टोकानंच लागेल याचा भरवसा नाही, आडवी लागली तर कपड्यावर आपटून खाली पडेल.

मात्र कथेतली एक गोष्ट या गणिताशी जुळते आणि तिचं श्रेय द्यायला हवं. सगळ्या जखमा समोरून आहेत. घंटी मागून वाजली तर माणूस वळतो, पण आवाज ऐकून वळायला निदान अर्धा सेकंद लागतो. पिन तर घंटीबरोबरच सुटलेली. ती पाठीतच लागली असती. समोरून जखम याचा अर्थ मारणारा समोरून येत होता, म्हणजे मरणाऱ्याला तो दिसत होता. तरीही तो ‘दिसला’ नाही, कारण रस्त्यावर सायकलवाल्याकडे कोण बघतं.

मोडकी_घंटी

दोघांचेही आभार. मूठ साडेचार मिलिमीटर हलली की नेम गेला, हे वाचून भागातला शेवटचा प्रसंग वेगळाच वाटायला लागला. एक उपप्रश्न आहे. पिन आत गेलीच असं धरलं, तर माणूस लगेच मरेल का?

नाडीपरीक्षा

लगेच नाही. छातीच्या हाडाच्या डाव्या बाजूला कातडीपासून हृदयापर्यंत सुमारे तीन सेंटिमीटर तरी अंतर असतं, अंगानं भरलेल्या माणसात अधिक. पिन आहे १६ मिलिमीटर. म्हणजे ती पूर्ण आत शिरून आणखी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पुढे सरकायला हवी, आणि तीही दोन बरगड्यांच्या मधून. बरगडीवर बसली की खेळ संपला.

समजा पोहोचली. दीड मिलिमीटरचं भोक हृदयाचा स्नायू आकुंचन पावताना बरंचसं आपोआप मिटवतो. धोका असतो तो हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठण्याचा. तिथे झपाट्यानं १५० ते २०० मिलिलिटर रक्त साठलं की हृदयाला फुलायला जागा उरत नाही आणि रक्तदाब कोसळतो. पण बारीक भोकातून तेवढं रक्त जमायला काही मिनिटं लागतात, कधी त्याहून पुष्कळ जास्त. तोवर माणूस छाती धरून बसेल, बोलेल, ‘काहीतरी टोचलं’ असं सांगेल. पाऊल टाकता टाकता गतप्राण होणं हे कथेच्या सोयीचं आहे. साक्षीदाराच्या तोंडून एकही शब्द न निघावा, यासाठी लेखकाला ते हवंच होतं.

बाहेरून रक्त जवळजवळ दिसत नाही, हा तपशील मात्र बरोबर. एवढ्या बारीक जखमेतून कपड्यावर टिकलीएवढा डाग पडतो. शवविच्छेदन झालं नाही तर हृदयविकाराचा झटका म्हणून नोंद सहज होईल.

अवांतर: पोलिसांच्या हातात पिना आल्यावर त्यांनी भिंगाखाली टोकं पाहायला हवी होती. लाखेच्या रेकॉर्डमध्ये मुद्दाम खरखरीत भुकटी मिसळलेली असते. ती पिनेचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करते, म्हणून तर दर बाजूला नवी पिन लावायची पद्धत होती. वापरलेल्या पिनेच्या टोकाला दोन चपट्या कडा दिसतात, कोऱ्या पिनेचं टोक गोलसर असतं. सगळ्या पिना कोऱ्या निघाल्या असत्या तर खुनी डबीतून काढून वापरतो आहे, एवढं तरी कळलं असतं. फार मोठा धागा नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

जुना_नकाशा

चौथ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते या भागातली सर्वांत घट्ट विणलेली गोष्ट घंटी नसून ती जाहिरात आहे.

मूळ बंगाली कथा ‘पथेर काँटा’ १९३२ सालची, शरदिंदू बंद्योपाध्याय यांची. ब्योमकेशच्या कथांमध्ये ही ‘सत्यान्वेषी’च्याही आधी लिहिलेली आहे. ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित यांची पहिली भेट सांगणारी ती कथा नंतर लिहून पुढे लावली, मालिकेतही तोच क्रम ठेवला आहे. त्यामुळे ‘पथेर काँटा’च्या सुरुवातीला ब्योमकेशची ओळख करून दिल्यासारखी वाटते: वर्तमानपत्रातल्या खऱ्या बातम्या जाहिरातींत असतात, हे त्याचं मत तिथे येतं आणि पुढची सगळी कथा त्या एका मतावर उभी राहते. (शरदिंदू पुढे पुण्यात स्थायिक झाले, ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या अनेक कथा त्या काळातल्या आहेत.)

जाहिरातीचा मजकूर असा: ज्याला आपल्या वाटेतला काटा काढायचा असेल त्यानं शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं. हे दुकान चौरंगीवर, एस्प्लनेडच्या तोंडाशी. इमारत आजही उभी आहे, मेट्रोपॉलिटन बिल्डिंग म्हणतात तिला. शनिवारच्या संध्याकाळी तिथे इतकी गर्दी की खांबाशी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात कुणी पाकीट सरकवलं तर कळणारही नाही. नेमकं तेच घडतं.

आता यातली रचना पाहा. खांबाला हात लावणं ही खूण आहे. खांबाजवळ दहा माणसं असतील, हात टेकवून ताटकळणारा एकच. जाहिरात देणारा गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतो, गिऱ्हाईक त्याचा पाहत नाही. संशय आला, मागे पोलीस दिसला, तर तो नुसता पुढे निघून जातो. जाहिरातीत बेकायदा असा एकही शब्द नाही, त्यामुळे छापणाऱ्यालाही हरकत नाही. खिशातल्या चिठ्ठीत दुसरी भेट ठरते: मध्यरात्री, खिदिरपूरकडच्या रेसकोर्सजवळच्या निर्मनुष्य रस्त्यावर. तिथे येणारा सायकलवर, डोळ्यांवर मोटारवाल्यांचा गॉगल. पहिली भेट तुडुंब गर्दीत आणि दुसरी ओसाड रस्त्यावर. गर्दीत त्याला लपायचं असतं, ओसाड रस्त्यावर गिऱ्हाइकाच्या मागे कुणी आलंय का हे तपासायचं असतं. दोन्ही जागांची निवड अगदी विचारपूर्वक आहे.

ब्योमकेश पकडतो तो दुवा मात्र साधा: जाहिरात पुन्हा पुन्हा छापून येते आहे. म्हणजे कुणीतरी तिच्यावर पैसे घालतो आहे, म्हणजे त्याला त्यातून मिळतंय. मरणारे सगळे पैसेवाले आणि निपुत्रिक, म्हणजे त्यांच्या मरणानं दुसऱ्याच कुणाचा तरी फायदा. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की काटा म्हणजे माणूस, हे उघड होतं.

ग्रामोफोनची पिनच का, याचंही उत्तर शहरात आहे. ग्रामोफोन कंपनीचा रेकॉर्ड छापायचा कारखाना कलकत्त्यात १९०८ पासून होता, १९२८ मध्ये तो दमदमला गेला. पिना दोनशेच्या डब्यांत विकल्या जायच्या आणि एका बाजूनंतर फेकल्या जायच्या. ज्या घरात ग्रामोफोन त्या घराच्या केरात पिना. बंदुकीच्या गोळीचा माग दुकानापर्यंत लावता येतो, पिनेचा कसा लावणार?

कान_देऊन

तिसरा प्रश्न राहिला, आवाजाचा. इथे लेखक जिंकतो.

कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो सेकंदाला २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात, आणि सायकलची घंटी बहुतेक तिथेच वाजते. स्प्रिंगचा दट्ट्या अडतो तेव्हा ‘खट्’ असा काही मिलिसेकंदांचा आवाज होतो. पण घंटीचा आवाजही ‘खट्’नेच सुरू होतो. ठोका वाटीवर बसतो तो क्षण. दोन ‘खट्’ दोनेक मिलिसेकंदांच्या आत पडले तर कानाला एकच ऐकू येतो आणि लगोलग गुंजन सुरू होऊन बाकीचं झाकलं जातं. फिरत्या चकतीच्या, ‘ट्रिंग-ट्रिंग’ करणाऱ्या घंटीत तर दात्यांची खरखर मुळातच असते, तिथे आणखी एक खटका सहज खपतो. फसेल कधी? खटका दाबल्यावर आधी स्प्रिंग सुटली आणि ठोका तीस-चाळीस मिलिसेकंदांनी पडला तर. मग ‘खट्-टिंग’ असं वेगवेगळं ऐकू येईल. म्हणून दोन्ही एकाच दात्यावरून सुटायला हवेत.

आणि @तिरका_नेम यांच्या शेवटच्या मुद्द्याला पुढे नेतो. घंटी हा लपवण्याचा आवाज आहेच, पण ती एक आज्ञाही आहे. घंटी ऐकली की आपण बाजूला होतो, आणि झालो की तो आवाज विसरतो. पोलीस साक्षीदाराला विचारतात, ‘काही वेगळं ऐकलंत का?’ घंटी वेगळी नसते, म्हणून कुणी सांगत नाही. ब्योमकेश प्रश्न उलटा फिरवतो: नेहमीचं काय काय ऐकलंत? जो माणूस छातीशी ठेवलेल्या घड्याळामुळे वाचतो, त्याला तो अशा तऱ्हेनं विचारतो तेव्हा खरा तपास सुरू होतो.

पडद्यावर हे करणं पुस्तकापेक्षा अवघड आहे. पुस्तकात घंटीचा उल्लेख बाकीच्या आवाजांत पुरता येतो. टीव्हीवर घंटी मोठी ठेवली तर प्रेक्षक दचकतो, अगदी बारीक ठेवली तर शेवटी ‘फसवलंत’ म्हणतो. बासू चटर्जींच्या दिग्दर्शनाचा फायदा इथे होतो. ते कॅमेरा आणि आवाज दोन्ही शांत ठेवतात, ब्योमकेश झालेला रजित कपूर प्रश्न विचारतानाही आवाज चढवत नाही, के. के. रैनांचा अजित आपल्यासारखाच गोंधळलेला. अशा संथ भागात रस्त्यावरची घंटी रस्त्याचीच वाटते. दुसऱ्यांदा पाहताना भाग चित्राकडे न बघता नुसता ऐका, पार्श्वसंगीत कुठे थांबतं आणि रस्ता कुठे ऐकू येतो ते टिपत.

स्प्रिंग_आणि_पाना

बशीबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगून टाकतो, कारण तो तपशील पक्का आहे. रेसकोर्सजवळ जाताना छातीवर चिनी मातीची बशी बांधायची ब्योमकेशची खबरदारी पत्र्यापेक्षा चांगली. पिन कडक पोलादाची असते, म्हणून ठिसूळ. झिलईदार चिनी माती तिच्या टोकाला रुतू देत नाही. टोक मोडतं किंवा घसरतं, आणि ‘टक्’ असा आवाज होतो तो वेगळा. पातळ पत्र्यात पिन रुतून बसली असती. बशी मात्र उथळ आणि पालथी हवी, फुगीर बाजू बाहेर. खोलगट बाजू बाहेर ठेवली तर घसरलेली पिन काठावरून उडून हनुवटीकडे येऊ शकते.

मोडकी_घंटी

म्हणजे हिशेब असा: घंटीत यंत्रणा बसते, आवाज लपतो, जाहिरातीची योजना चोख, पण पिनेला जोर नाही आणि नेम धरता येत नाही. एक शंका उरते. चालत्या सायकलऐवजी सायकल थांबवून, एक पाय जमिनीवर टेकून घंटी दाबली तर मूठ हलायची अडचण जाईल ना?

तिरका_नेम

नेमाची अडचण बरीच कमी होईल, जोराची तशीच राहील. पण तसं करून लेखकाचा सगळा डाव उधळतो. रस्त्यात थांबून, पाय टेकून, तीन मीटरवरच्या माणसाकडे हँडल रोखून घंटी वाजवणारा सायकलवाला सगळ्यांच्या लक्षात राहतो.